क्विल्टच्या ब्लॉकची अदलाबदल : पहिल्यांदा भाग घेणाऱ्यांसाठी

क्विल्ट म्हणजे कापडाचे तुकडे जोडून, खाली अस्तर लावून केलेले पांघरूण, आणि ब्लॉक म्हणजे ते घडवणारा ठरलेल्या मापाचा चौरस. क्विल्ट शिवणाऱ्यांच्या गटात ब्लॉकची अदलाबदल ठरते, तेव्हा व्यवहार साधा असतो. गटात बारा जण असतील, तर प्रत्येकाने एकाच नमुन्याचे आणि एकाच मापाचे बारा ब्लॉक शिवायचे, ते ठरलेल्या तारखेपर्यंत संयोजकाकडे पोहोचवायचे आणि संयोजकाने सगळ्यांचे गठ्ठे सोडवून प्रत्येकाला प्रत्येकाचा एकेक ब्लॉक परत पाठवायचा. आपण बारा ब्लॉक एकाच पद्धतीने शिवलेले असतात. परत येतात ते बारा हातांचे, बारा घरांतल्या कापडाचे. बारा इंची ब्लॉक तीन आडवे आणि चार उभे मांडले की ३६ बाय ४८ इंचांचे वरचे कापड तयार होते, आणि ब्लॉकच्या मध्ये व चारी कडांना तीन इंचांच्या पट्ट्या घातल्या की तेच ४८ बाय ६३ इंचांचे, म्हणजे एका माणसाला पांघरण्याजोगे होते.

ही पद्धत मुख्यतः अमेरिकेतली आहे. तिथे १८४० च्या दशकात मैत्रिणींनी, नातलगांनी किंवा चर्चच्या मंडळींनी एकेक ब्लॉक शिवायचा, त्यावर न पुसणाऱ्या शाईने सही करायची आणि सगळे जोडून गाव सोडून निघालेल्या किंवा लग्न होऊन जाणाऱ्या व्यक्तीला क्विल्ट भेट द्यायची, अशी चाल फार लोकप्रिय झाली होती. बाल्टिमोर शहर आणि त्याच्या परिसरातल्या अशा अल्बम क्विल्ट आज संग्रहालयांतून जपल्या आहेत. आपल्याकडची गोधडी किंवा वाकळ वेगळ्या रीतीने घडते. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक पसरायचे आणि धावदोऱ्याच्या ओळी घालत संपूर्ण पृष्ठभाग एकत्र बांधायचा, हा तिचा मार्ग. त्यात एखादे ठिगळ बोटभर मोठे झाले तरी शेजारचे ठिगळ त्याला सामावून घेते. ब्लॉकच्या पद्धतीत ही सवलत नाही. म्हणून गोधडीत हात बसलेल्या व्यक्तीलाही अदलाबदलीत सुरुवातीला अडखळायला होते. अडचण टाक्यांची क्वचितच असते. बहुतेक वेळा ती मापाची असते. आपला ब्लॉक आपण कधीही न पाहिलेल्या अकरा ब्लॉकच्या शेजारी बसायचा आहे, आणि तो बसवणारी व्यक्ती दुसरीच आहे, एवढे ध्यानात ठेवले की पुढच्या बहुतेक सूचनांचे कारण आपोआप कळते.

नाव देण्यापूर्वी

गटाचे नियम लेखी असतात. ते दोनदा वाचावेत आणि न समजलेली गोष्ट कापड कापण्याआधीच संयोजकाला विचारावी. विचारण्याजोग्या गोष्टी ठरलेल्या आहेत: ब्लॉकचे माप शिवलेल्या क्विल्टमधले की सुटे, रंगसंगती ठरलेली आहे की मोकळी, कापड धुऊन घ्यायचे की न धुता, हाताची शिवण चालते का, परतीचा टपालखर्च कोणी आणि कसा द्यायचा, आणि एखाद्याला जमले नाही तर काय. यांतला मापाचा प्रश्न सर्वांत जास्त घोळ घालतो. ‘बारा इंची ब्लॉक’ असे म्हटले तर तो क्विल्टमध्ये शिवला गेल्यानंतर बारा इंच दिसतो. आपल्या हातून निघताना मात्र तो साडेबारा इंचांचा असला पाहिजे, कारण चारी कडांना पाव पाव इंच शिवणीची माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेली कड, लागते. काही गट ‘साडेबारा इंच’ असेच लिहितात. दोन्हींचा अर्थ एकच आहे, पण बारा इंचांचा सुटा ब्लॉक पाठवणारा एक तरी नवखा निघतोच, आणि त्याचा ब्लॉक सगळ्यांच्याच क्विल्टमध्ये आखूड पडतो.

पहिल्या खेपेला लहान गटात आणि सोप्या नमुन्याच्या अदलाबदलीत भाग घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तारे, बारीक त्रिकोण आणि वक्र शिवणी पाहायला मोहक असतात. पण एक तारा जमणे वेगळे आणि एकसारखे बारा तारे तारखेच्या आत जमणे वेगळे. खाली नऊ चौकोनांचा ब्लॉक, म्हणजे नाइन पॅच, उदाहरण म्हणून घेतला आहे. त्यात त्रिकोण नाही, तिरपी कड नाही, आणि तरीही माप, इस्त्री आणि जोड या तिन्हींची पुरती परीक्षा होते.

कापड

कापड शंभर टक्के सुती घ्यावे. पॉपलीन आणि केंब्रिक उत्तम. ब्लाउजपीसचे चांगल्या प्रतीचे टू बाय टू चालते, पण ते पातळ असल्याने गडद कापडाची माया त्यातून पलीकडे दिसते का, हे आधी पाहावे. टेरिकॉट आणि पॉलिएस्टरची भेसळ टाळावी, कारण त्यावर घडी बसत नाही आणि सुती कापडाइतकी गरम इस्त्री त्याला सोसत नाही. हल्ली बाजारात मिळणारा खण पुष्कळदा कृत्रिम धाग्याचा असतो. त्याचा एखादा धागा ओढून जाळून पाहावा: सुती धागा कागदासारखा जळून राख होते, तर कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी होते. सैल विणीचे हातमागाचे कापड सुंदर दिसते, परंतु त्याचे सूत कडेने इतके निसटते की पाव इंचाची माया धुण्यात टिकत नाही. आईच्या किंवा आजीच्या जुन्या साडीचे कापड घालण्याचा मोह अनेकांना होतो. ते घरच्या गोधडीसाठी राखून ठेवावे. झिजलेले कापड दुसऱ्याच्या क्विल्टमध्ये नव्या कापडाशेजारी बसले की तिथेच आधी फाटते.

गटाने न धुता पाठवा असे सांगितले नसेल, तर कापड आधी धुवावे. सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटू शकते, आणि लाल, मरून व निळीचा रंग सुटण्याची भीती कायम असते. रंग पक्का आहे का, हे पाहण्याची सोपी रीत अशी: कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या मांजरपाटाच्या तुकड्यावर ठेवावा आणि वरून गरम इस्त्री दाबून धरावी. पांढऱ्यावर डाग उतरला तर कापड पुन्हा पुन्हा धुवावे, आणि तरीही पाणी नितळ निघत नसेल तर ते कापड या कामातून बाद करावे. मीठ किंवा व्हिनेगर घातले की कच्चा रंग पक्का होतो, हा समज सर्वत्र आहे. त्यावर विसंबून दुसऱ्याच्या बारा ब्लॉकच्या क्विल्टला धोक्यात घालू नये.

रंग निवडताना गडद आणि फिकट यांतला फरक ठळक हवा. दोन कापडे शेजारी ठेवून फोनवर कृष्णधवल छायाचित्र काढावे. त्यात दोन्ही एकाच करड्या छटेची दिसली, तर लाल आणि हिरवा असा डोळ्यांना वाटणारा विरोध ब्लॉकमध्ये हरवणार आहे.

आता हिशोब. बारा इंचांचा नाइन पॅच म्हणजे चार चार इंचांचे नऊ चौकोन. मायेसकट प्रत्येक चौकोन साडेचार इंचांचा. चौकोन एकेक कापून जोडण्यापेक्षा लांब पट्ट्या जोडून मग आडवे काप घेणे सोपे आणि अचूक असते. ४४ इंची पन्ह्याच्या कापडातून काठ आणि आटणे वजा जाता सुमारे ४२ इंच उरतात, आणि त्यातून साडेचार इंचांचे नऊ काप निघतात. बारा ब्लॉकसाठी गडद-फिकट-गडद असे २४ काप आणि फिकट-गडद-फिकट असे १२ काप लागतात. त्यासाठी पहिल्या प्रकारचे तीन आणि दुसऱ्या प्रकारचे दोन जोड, म्हणजे तीन तीन पट्ट्या लांबीत शिवून केलेले पट्टे, करावे लागतात. म्हणजे साडेचार इंच रुंदीच्या गडद पट्ट्या आठ आणि फिकट सात. गडद कापड ३६ इंच, फिकट साडेएकतीस इंच. आटणे, कड सरळ करणे आणि एखादी पट्टी वाया जाणे धरून गडद सव्वा मीटर आणि फिकट एक मीटर आणावे. पन्हा ३६ इंची असेल तर एका जोडातून सातच काप मिळतात. तेव्हा गडद दीड आणि फिकट सव्वा मीटर लागेल.

कापणे

रोटरी कटर (चाकासारख्या गोल पात्याचा कटर), त्याची चटई आणि सहा बाय चोवीस इंचांची पारदर्शक पट्टी असेल तर उत्तम. नसेल तर धारदार कात्री, शिंप्याचा खडू आणि एक साचा पुरतो. साचा पुठ्ठ्याचा करू नये, कारण खडू फिरवून फिरवून त्याची कड झिजते आणि दहाव्या तुकड्यापर्यंत माप बदललेले असते. जुनी एक्स-रे फिल्म कापून केलेला साचा शेवटपर्यंत तसाच राहतो. कापण्यापूर्वी कापडाला इस्त्री करावी, काठ काढून टाकावा आणि पट्ट्या आडव्या धाग्यात सरळ येतील अशा कापाव्यात. दर दोन-तीन पट्ट्यांनंतर कापडाची कड पुन्हा काटकोनात आहे का, हे तपासावे. दुमडीच्या जागी कोन जरासा चुकला तर पट्टी उघडल्यावर मध्यभागी मुरडलेली निघते, आणि ती शिवताना लक्षात येत नाही.

पाव इंच

सारे काम या एका गोष्टीवर उभे आहे, म्हणून इथे घाई करू नये. शिवण प्रत्येक बाजूला इंचाचा सोळावा भाग जास्त गेली, तर एका शिवणीत अष्टमांश इंच आणि नाइन पॅचच्या दोन शिवणींत पाव इंच नाहीसा होतो. साडेबाराचा ब्लॉक सव्वाबारा भरतो. शिवाय मायेची घडी दुमडताना कापडाचा एखाद-दोन धाग्यांइतका भाग घडीतच जातो, त्यामुळे शिवण कडेपासून पाव इंचाहून केसभर कमी अंतरावर असावी लागते.

मशीनचा फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा भाग, पाव इंचाचाच आहे असे गृहीत धरू नये. पायमशीनवर तर तो हमखास वेगळा निघतो. सुईखाली पट्टी ठेवावी, हाताने चाक फिरवून सुई पाव इंचाच्या रेघेवर अलगद टेकवावी, आणि पट्टीची उजवी कड जिथे येते तिथे सुईखालच्या प्लेटवर मास्किंग टेपचे चार-पाच थर एकावर एक चिकटवावेत. थरांची ती कड बोटाला जाणवते आणि कापड तिला टेकवून सरकवता येते. मग परीक्षा घ्यावी: दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या एकमेकींना जोडाव्यात, इस्त्री करावी आणि मधली पट्टी मोजावी. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे आणि तिन्ही मिळून साडेतीन. मधली पट्टी कमी भरली तर टेप सुईकडे सरकवावी, जास्त भरली तर दूर न्यावी. ही परीक्षा जुळेपर्यंत ब्लॉकचे कापड मशीनवर घेऊ नये. मशीन किंवा सुई बदलली, की ती पुन्हा घ्यावी.

सुती कापडाला ११ नंबरची सुई, बारीक सुती दोरा आणि इंचाला दहा ते बारा टाके हे प्रमाण योग्य आहे. दोरा जाड असला तर तोही घडीत जागा खातो. दोन-तीन बॉबिन आधीच भरून ठेवाव्यात. गटाने हाताची शिवण चालते म्हटले असेल, तर प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूला पाव इंचावर पेन्सिलीची रेघ मारून त्या रेघेवरच बारीक धावदोरा घालावा आणि इंचा-दोन इंचांवर एकेक उलट टाका घ्यावा.

शिवणे आणि इस्त्री

पट्ट्या लांबीत जोडताना पहिली शिवण एका टोकाकडून घातली असेल तर दुसरी विरुद्ध टोकाकडून घालावी; सगळ्या एकाच दिशेने घातल्या की जोड धनुष्यासारखा वाकतो. प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री करावी. इस्त्री फिरवू नये. उचलून ठेवावी आणि पुन्हा उचलावी. घासली की कापड ताणले जाते, आणि ताणलेले कापड धुतल्यावर आपल्या मूळ मापाकडे परतते. आधी बंद शिवणीवर इस्त्री ठेवून टाके बसू द्यावेत, मग जोड उघडून सुलट बाजूने माया गडद कापडाकडे दाबावी.

गडदाकडे दाबण्याचे एक कारण उघड आहे: फिकट कापडाखाली गडद मायेची सावली दिसत नाही. दुसरे कारण जोडणीच्या वेळी कळते. गडद-फिकट-गडद या जोडात माया दोन्हीकडे बाहेर जाते, आणि फिकट-गडद-फिकट या जोडात ती आत, मध्याकडे येते. दोन्ही जोड साडेचार इंचांच्या कापांत कापून एकमेकांवर सुलट बाजू आत करून ठेवले, की शिवणी जिथे भेटतात तिथे दोन्ही माया विरुद्ध दिशांना असतात. बोटाने चिमटीत धरून हलवले तर एक घडी दुसरीला अडते आणि किंचित खटका जाणवतो. तो खटका जाणवला की तिथे टाचणी लावावी. चार कोपरे एका बिंदूत भेटण्याचे सारे रहस्य या खटक्यात आहे. डोळ्यांनी जुळवत बसण्याची गरज राहत नाही.

काप घेण्यापूर्वी जोडाची उंची साडेबारा इंच आहे ना, हे तीन ठिकाणी मोजावे. मग वरचा काप, मधला काप आणि खालचा काप असे जोडावेत. बारा ब्लॉकच्या जोडण्या दोरा न तोडता एकामागोमाग मशीनमधून काढता येतात, आणि त्यात दोराही वाचतो. परंतु पहिला ब्लॉक पूर्ण करून, मोजून मगच उरलेल्या अकरांची माळ लावावी. तिसरा काप जोडून झाल्यावर शेवटच्या दोन शिवणींची माया कोणत्याही एका पद्धतीने, पण बाराही ब्लॉकांत तीच, दाबावी.

मोजणे आणि निवडणे

तयार ब्लॉक वरच्या कडेला, मध्यावर आणि खालच्या कडेला मोजावा. मग तसाच उभ्या दिशेने. सगळी मापे साडेबारा हवीत. दोन्ही कर्णही मोजावेत. ते सारखे, म्हणजे सुमारे १७.७ इंच भरले तर ब्लॉक काटकोनात आहे. ब्लॉक मोठा झाला असेल तर चारी कडांनी सारखा छाटावा, म्हणजे मधला चौकोन मध्येच राहील. लहान झाला असेल तर तो वाफेने ओढून मापाला आणण्याचा प्रयत्न करू नये. एक शिवण उसवावी आणि कडेच्या केसभर जवळ पुन्हा घालावी. संयोजक साधारणपणे अष्टमांश इंचाचा फरक चालवून घेतात, त्याहून जास्त असेल तर ब्लॉक परत पाठवतात. म्हणून मोजणी कठोरपणे आपल्याच घरी करावी, आणि एकाऐवजी दोन ब्लॉक जादा शिवून ठेवावेत, म्हणजे नापसंत ब्लॉक काढून टाकताना जीव जड होत नाही.

सुटे धागे मागच्या बाजूने कापावेत. गडद दोऱ्याचा उरलेला तुकडा फिकट चौकोनाखाली अडकला की अस्तर लावल्यानंतर तो निळसर रेघेसारखा दिसतो आणि मग काढता येत नाही.

पाठवणे

ब्लॉकवर नाव कुठे लिहायचे, ते नियमांत पाहावे. काही गटांत सुलट बाजूला सही अपेक्षित असते. तिथे कापडासाठीच्या रंगद्रव्याच्या शाईचे पेन वापरावे, खाली कागद ठेवून कापड ताणावे आणि शाई वाळल्यावर इस्त्रीने पक्की करावी. बॉलपेन वापरू नये, त्याची शाई धुण्यात पसरते. सही नको असेल तर नाव, गाव आणि ब्लॉकचे माप लिहिलेली कागदाची चिठ्ठी एका टाक्याने मायेत अडकवावी. चिठ्ठीला टाचणी लावून पाठवण्याची सवय घातक आहे: पावसाळ्यात पाकीट आठवडाभर टपालात राहिले तर टाचणीच्या गंजाचा तांबूस डाग कापडावर उतरतो आणि तो निघत नाही.

ब्लॉक सपाट एकावर एक ठेवून, एकदाच दुमडून, बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालावेत आणि मग कडक पाकिटात. कपाटातल्या डांबरगोळ्यांचा, उदबत्तीचा किंवा तंबाखूचा वास कापडात राहतो. पाठवण्यापूर्वी ब्लॉक दिवसभर सावलीत मोकळ्या हवेत ठेवावेत. देशात पाठवताना स्पीड पोस्ट करून क्रमांक संयोजकाला कळवावा. परदेशातल्या गटात असाल, तर परतीसाठी आपल्या देशाची तिकिटे पाठवून उपयोग नाही, ती तिथे चालत नाहीत. परतीच्या टपालाचे पैसे वेगळे द्यावेत, आणि सीमाशुल्काच्या फॉर्मवर ‘सुती कापडाचे शिवलेले तुकडे’ असे साधे, खरे वर्णन लिहावे. तारीख चुकण्याची चिन्हे दिसताच संयोजकाला कळवावे. उशीर कळवलेला असेल तर तो सगळे निभावून नेतात. एकाचे ब्लॉक न येता सगळ्या गटाचे गठ्ठे अडकून पडले की मात्र पुढच्या खेपेला त्या व्यक्तीला जागा मिळत नाही.

आलेले ब्लॉक

गठ्ठा आला की पिशवी उघडून सगळे ब्लॉक आधी मोजावेत, आणि मोजलेले माप चिठ्ठीवर नोंदवावे. एखादा सव्वाबारा निघेलच. त्यासाठी कोणाला बोल लावण्याची गरज नाही. सर्वच ब्लॉकांना दीड इंच रुंदीची एकाच कापडाची चौकट लावावी आणि मग बाराही ब्लॉक एका मापाला, म्हणजे चौदा इंचांना, छाटावेत. लहान ब्लॉकची चौकट जराशी रुंद राहते आणि फरक तिच्यात मुरतो. एखाद्या कापडाचा रंग सुटेल अशी शंका असेल, तर तो ब्लॉक जोडणीपूर्वीच मांजरपाटाच्या परीक्षेला लावावा. चिठ्ठ्या टाकून देऊ नयेत. क्विल्टच्या मागे लावायच्या कापडी पट्टीवर सगळ्यांची नावे, गावे आणि साल लिहायचे असते, आणि ते लिहायला बसल्यावर कोणता ब्लॉक कोणाचा हे केवळ कापड पाहून सांगता येत नाही. गठ्ठा मिळाल्याचा निरोप त्याच दिवशी संयोजकाला द्यावा, म्हणजे त्यांना त्यांच्या यादीत आपल्या नावापुढे खूण करता येते.